दुसऱ्या लिव्हरचा हिशेब

गिअरच्या दांड्याशेजारी आखूड, दुसरी एक लिव्हर असते. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेणारा माणूस याच लिव्हरवर भाळतो, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तिचाच खर्च भरतो. माझ्याकडची डिझेल गाडी २००६ सालची. मागे समोरासमोर बाकडी, पाटे ट्रकसारखे, आठ माणसे आणि चार पोती एका खेपेत जातात. घर पुण्यात, भाताची खाचरे भोरच्या पश्चिमेला. गाडी ठेवावी की काढावी, हा वाद घरात दर पावसाळ्यानंतर होतो. यंदा तो कागद-पेन घेऊन केला.

निमित्त पासिंगचे. २०२१ मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीला १०,०००. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, खाजगी डिझेल गाडीला पाच वर्षांचा ३,५००. आकडे ऐकून लोक हबकतात. पण पाच वर्षांत वाटले तर वर्षाला पावणेतीन हजारांच्या आसपास पडतात. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, ७,८९७ रुपये अधिक जीएसटी, दरवर्षी याहून कितीतरी जास्त नेतो. आरटीओच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. खर्च दुसरीकडे आहे.

तो आहे गाडीच्या पोटाखाली. साध्या गाडीला इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे हाउजिंग. इथे ट्रान्स्फर केस आणि पुढचे हाउजिंग वाढते, म्हणजे ऑइल बदलायच्या आणखी दोन जागा. प्रोपेलर शाफ्ट दोन, त्यांचे क्रॉस दुप्पट, सील जास्त. ओढा ओलांडताना तापलेले हाउजिंग पाण्यात एकदम गार होते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढते. ऑइल चहासारखे दुधाळ निघाले की समजावे, बेरिंगांचे दिवस भरत आले. टायरही चारही सारख्या झिजेचे हवेत. एक फुटला म्हणून एकच नवा टाकण्याची काटकसर इथे अंगाशी येते.

सगळ्यात महाग चूक मात्र चालकाची. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत मधला डिफरेन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात; चिखलात चाक थोडे घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर त्याला वाट मिळत नाही आणि सगळा ताण दातऱ्यांवर येतो. पाऊस लागला म्हणून घाटातल्या चांगल्या रस्त्यावर फोर-व्हील टाकणारे शूरवीर मी पाहिले आहेत. त्यांचे मिस्त्री सुखात आहेत.

आता माझी वही. वर्षाला सहा हजार किलोमीटर, लिटरला दहाचा अॅव्हरेज, नव्वदचा भाव, म्हणजे डिझेल ५४ हजार. विमा, पासिंगचा वाटा, ऑइल-फिल्टर, टायरची झीज आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले तीस हजार मिळून आणखी ६३ हजार. शेजारी नवी गाडी मांडून पाहू. पंधरा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज सव्वा लाखाच्या घरात. इथे जुनी गाडी सरळ जिंकते.

कागदावर. कारण ते तीस हजार दरवर्षी शिस्तीत खर्च होत नाहीत. तीन वर्षे काही निघाले नाही, चौथ्या वर्षी इंजिनकामाला लाखावर गेले आणि ऐन लावणीत गाडी गॅरेजमध्ये. सुटे भाग मिळतात, पण कधी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार घालवून. ते रविवार कुठल्या रकान्यात लिहायचे? शिवाय ज्याला हप्ता परवडतो पण एकदम लाख काढता येत नाहीत, त्याच्यासाठी महाग असूनही नवी गाडीच सोयीची. एक रकाना तर मी टाळतच होतो: या गाडीला एबीएस नाही, एअरबॅग नाही. मुलगी गाडी चालवायला लागल्यापासून तो टाळता येत नाही. आणि मागून निघणारा धूर बीएस-६ गाडीच्या मागे दिसत नाही, हेही खरेच.

तरी ठरवणारा आकडा वेगळा निघाला. याच गाडीचा साधा, टू-व्हील अवतार असता तर काय वाचले असते? किलोमीटरमागचे थोडे डिझेल, जादा ऑइल, सील, क्रॉस, सारख्या टायरांची सक्ती: माझ्या अंदाजाने वर्षाला अठरा हजार. गेल्या वर्षी मी दुसरी लिव्हर बावीस दिवस ओढली. दिवसाला आठशेच्या थोडे वर. बांधावरून पोती काढायला एवढे मोजेन. वर्षातून तीनच दिवस ओढली असती तर दिवसाला सहा हजार पडले असते, आणि तेवढ्यात गावातला ट्रॅक्टर दोरासकट येऊन, चहा पिऊन, गाडी ओढून गेला असता.

म्हणून माझी गाडी यंदा पासिंगला जाणार, आणि मुंबई-पुणे प्रवासाला घरातली दुसरी, एअरबॅगवाली. सोसायटीच्या पार्किंगमधून फक्त मॉलपर्यंत जाणारी फोर-व्हील मात्र काढून टाकावी, ज्याचा रस्ता जूनमध्ये संपतो अशा माणसाला.

आणि तुम्ही तो घेणारा माणूस असाल तर मालकाला गाडी चिखलात घालून, लिव्हर टाकून, पुढची चाके ओढताना दाखवायला सांगा. त्याने टाळाटाळ केली तर पुढचे हाउजिंग बाद आहे असे धरून भाव करा.