आधी पुण्याची लाइन तोडून दाखवा, मगच सही करा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत शाखा असलेल्या आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाला हा जाहीर इशारा आहे. संस्थेचे नाव मुद्दाम छापलेले नाही. ज्यांना उद्देशून लिहिले आहे त्यांना ते पुढच्या परिच्छेदात कळेलच. शेजारच्या ज्या संस्थांच्या टेबलावर असाच प्रस्ताव पडून आहे, त्यांनीही हा इशारा आपल्यालाच आहे असे समजायला हरकत नाही.

प्रस्ताव असा. शाखांमधले जुने संगणक काढायचे आणि त्यांच्या जागी थिन क्लायंटचे डबे बसवायचे. क्लार्कचा डेस्कटॉप शाखेत चालणार नाही, डेटा सेंटरमध्ये चालेल. शाखेत येईल ते फक्त त्याचे चित्र. इथपर्यंत ठीक आहे. पुढे मात्र पुरवठादाराने ठळक अक्षरांत लिहिले आहे की पुणे आणि नागपूर अशी दोन डेटा सेंटर एकमेकांना जोडली जातील, एक बंद पडले तर काम आपोआप दुसऱ्यावर जाईल आणि शाखेला त्याचा पत्ताही लागणार नाही. कोटेशनची रक्कम फुगली आहे ती याच एका वाक्यापोटी, आणि नेमके हेच वाक्य खरे नाही.

मी संस्थेचा सभासद आहे, आणि असे डेस्कटॉप उभे करणे व चालवणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. 31 ऑगस्टपर्यंत हा प्रस्ताव प्रत्यक्ष चाचणीवर घासून दाखवा. तोवर एकाही कागदावर सही करू नका. केलीत तर सभासद काय करतील ते शेवटी लिहिले आहे, आणि ते पोकळ नाही.

आधी हे समजून घ्या की या जोडणीत जोडले काय जाते. असे डेस्कटॉप चालवणारे होरायझन हे सॉफ्टवेअर पूर्वी व्हीएमवेअरचे होते, आता ते ओम्निसा या कंपनीकडे आहे. त्यात एका ठिकाणच्या सर्व्हरांच्या गटाला पॉड म्हणतात. पॉडमधले कनेक्शन सर्व्हर सतत एकमेकांशी बोलत असतात आणि त्या बोलण्याला लॅनचा वेग लागतो. त्यामुळे एकच पॉड पुणे ते नागपूर ताणून बसवता येत नाही, हे बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. 2014 मध्ये होरायझन 6 आले तेव्हा उपाय म्हणून एक पॉड दुसऱ्याला जोडण्याची सोय दिली गेली. तेव्हाची मर्यादा दोन ठिकाणे, चार पॉड आणि 20,000 डेस्कटॉप अशी होती. पुढच्या आवृत्त्यांत हे आकडे पुष्कळ वाढले, पण जोडणीचा स्वभाव बदलला नाही. दोन पॉड एकमेकांना इतकेच सांगतात की कोणत्या वापरकर्त्याला कोणता डेस्कटॉप द्यायचा आणि त्याचे सेशन सध्या कुठे चालू आहे. खुद्द डेस्कटॉप, त्यातली सॉफ्टवेअर, क्लार्कच्या फायली, त्याची सेटिंग यांतले काहीही ही जोडणी इकडून तिकडे नेत नाही. ते नेण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, वेगळा खर्च लागतो आणि ती सांभाळणारा वेगळा माणूस लागतो. कोटेशनमध्ये या तिन्हींपैकी एकाचीही ओळ नाही.

पुरवठादार म्हणेल, आम्ही होरायझनऐवजी सिट्रिक्स देऊ. सिट्रिक्सने 7.7 या आवृत्तीपासून झोनची सोय दिली हे खरे. पण साइटचा मुख्य डेटाबेस तिथेही प्राथमिक झोनमध्येच बसतो आणि लांबचे झोन त्याच्याच तोंडाकडे पाहत राहतात. दुकान बदलून माल बदलत नाही.

आता काऊंटरवर या. सकाळचे साडेअकरा, घोडेगावची शाखा. तळेघरहून एसटीने आलेल्या आजोबांचे सोनेतारण चालू आहे. सोनाराने वजन लिहून दिले आहे, क्लार्कताई एकेक दागिना स्क्रीनवर चढवत आहेत, आणि पुण्याचे डेटा सेंटर जाते. चालू सेशन उठून नागपूरला जात नाही. ते तिथेच मरते. सेव्ह न केलेली नोंद त्याच्याबरोबर जाते. ताई पुन्हा लॉगिन करू पाहतात, पण शाखेचा डबा आपल्या मनाने नागपूरचा पत्ता शोधत नाही. वाट वळवणारा ग्लोबल लोड बॅलन्सर वेगळा विकत घ्यावा लागतो, पॉडची जोडणी ते काम करत नाही. समजा तोही घेतला आणि नागपूरचा डेस्कटॉप उघडला. तो कोरा असतो. पासबुक प्रिंटरचा समास हरवलेला, त्यामुळे शिल्लक छापली जाते ती नेमकी पासबुकाच्या घडीवर. स्कॅनर ओळखीचा नाही. शनिवारी पुण्याच्या मूळ इमेजमध्ये, म्हणजे डेस्कटॉपच्या साच्यात, केलेली दुरुस्ती नागपूरच्या इमेजमध्ये करायची राहून गेली असेल, तर व्याजाच्या तक्त्याची खिडकीच उघडत नाही. आणि ज्या अधिकाऱ्यांना कायमचा एकच डेस्कटॉप नेमून दिला आहे त्यांचा डेस्कटॉप एकाच जागी असतो. ती जागा गेली की तो गेला.

याहूनही मोठा प्रश्न प्रस्तावाच्या आतल्या पानावर दडला आहे. तिथे बारीक टायपात लिहिले आहे की सीबीएसचा, म्हणजे कोअर बँकिंगचा, डेटाबेस पुण्यातच राहील. मग पुणे पूर्ण बंद पडल्यावर नागपूरचा डेस्कटॉप उघडून उपयोग काय? रिकाम्या तिजोरीला दोन दरवाजे बसवल्यासारखे आहे हे. बरे, पुण्याचा डेटाबेस जिवंत आहे आणि फक्त डेस्कटॉप नागपूरला गेले, असेही होऊ शकते. त्याचाही हिशेब करा. काचेच्या तारेत प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो. पुणे–नागपूर रस्त्याने सुमारे 700 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान 7 मिलिसेकंद. मधली उपकरणे आणि वळसे धरून 20 समजा. कर्जखात्याची एक खिडकी उघडताना सॉफ्टवेअर डेटाबेसला एकापाठोपाठ 400 प्रश्न विचारत असेल, तर फक्त वाट पाहण्यात 8 सेकंद जातात. तेच डेस्कटॉप आणि डेटाबेस एका छताखाली असतील तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या हिशेबाने 0.2 सेकंदात काम होते. दर खिडकीला आठ सेकंद! मार्चअखेरीस कर्जवसुलीची रांग लागलेली असताना हे करून पाहा, म्हणजे रांगेतले लोक काय बोलतात ते ऐकू येईल.

डेटाबेसची प्रत नागपूरलाही ठेवू, असे आता सांगितले जाईल. जरूर ठेवा. पण प्रत दोन तऱ्हेची असते. पहिल्या तऱ्हेत दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. त्याला अंतर चालत नाही. व्हीसॅनसारख्या दोन जागी ताणलेल्या साठवणुकीत जाण्यायेण्याला 5 मिलिसेकंदांच्या वर परवानगी नाही. म्हणजे नागपूर बाद. दुसऱ्या तऱ्हेत प्रत मागाहून जाते आणि पुणे अचानक गेले तर शेवटची काही मिनिटे हरवतात. संध्याकाळी सहा ते सात या वेळात पिग्मी एजंट दिवसभराचे कलेक्शन मशिनमधून चढवतात. हरवलेली मिनिटे त्यातली निघाली, तर भाजीवाल्या बाईच्या हातात पावती असेल आणि खात्यात पैसे नसतील. त्या भांडणात एजंटाची बाजू कोण घेणार, हे ठरावात लिहून ठेवा.

आणि दोन्ही केंद्रे जिवंत असताना मधली तारच तुटली तर? दोघांनाही वाटते की दुसरा मेला. कोण खरा हे ठरवायला तिसऱ्या जागी साक्षीदार सर्व्हर लागतो. प्रस्तावात तिसरी जागा नाही.

अंतरावरच्या वस्तू जोडताच येत नाहीत, असे माझे म्हणणे नाही. आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत. 14 मध्यभागी आणि 16 तीन बाहूंवर पसरलेल्या, टोके एकमेकांपासून सुमारे 25 किलोमीटर. त्या सगळ्या काचेच्या तारांनी एका इमारतीला जोडल्या आहेत आणि एकच दुर्बीण असल्यासारख्या काम करतात. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रत्येक दुर्बिणीकडून संकेत यायला किती उशीर होतो तो मोजून भरून काढला, म्हणून ते जमले. आमच्या पुरवठादाराने अंतराचा आकडा एकाही पानावर लिहिलेला नाही.

आता शाखेच्या दारातली गोष्ट. नारायणगावजवळ आर्वीला 1971 मध्ये देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. नारायणगावच्या परिसरातून भारत जगाशी बोलत होता. आज त्याच परिसरातल्या शाखेत एक ब्रॉडबँडची तार येते, आणि पुणे–नाशिक महामार्गावर जेसीबीने चर खणला की ती तुटते. पावसाळ्यात माळशेजकडच्या आणि भीमाशंकरकडच्या गावांचे हाल तर सांगायलाच नकोत. आज तार तुटली तर क्लार्क निदान शाखेतल्या संगणकावर पत्र टाइप करू शकतो. उद्या शाखेत फक्त डबा असेल. मागे दोन डेटा सेंटर असोत की दहा, घाटात दरड कोसळली की स्क्रीन काळी. पैसे खर्चच करायचे आहेत, तर आधी प्रत्येक शाखेला दुसऱ्या वाटेने येणारी दुसरी लाइन घ्या. त्याला कोटेशनच्या तुलनेत किरकोळ खर्च येतो. कदाचित म्हणूनच त्याचे प्रेझेंटेशन करायला कोणी येत नाही.

जोडल्यामुळे एक नवा धोकाही तयार होतो. डेस्कटॉपच्या हक्कांची यादी दोन्हीकडे आपोआप सारखी होते, त्यामुळे एका ठिकाणी केलेली चूकही आपोआप दोन्हीकडे जाते. वर लॉगिनची डिरेक्टरी एक, डीएनएस एक, अँटिव्हायरस एक. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरचे विंडोज संगणक एकाच सकाळी निळे पडले; ते किती डेटा सेंटरमध्ये विभागले होते याला काही अर्थ उरला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी, 31 जुलैला, लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरते बाजूला काढले आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडकले. त्यांत सहकारी बँका होत्या. ही दूरची गोष्ट नाही.

दुसरे केंद्र नकोच, असे मात्र कोणी म्हणू नये. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीची आग लागली, शेकडो यंत्रणा थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा एक अख्खा साठा कायमचा गेला, कारण त्याची प्रत दुसरीकडे नव्हती. दुसरे केंद्र हवे. ते खरोखर उठून उभे राहते की फक्त कागदावर आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

संचालकांनी हेही विसरू नये की पैसा कोणाचा आहे. नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. आमच्याकडे टोमॅटोचे पैसे, उसाचे पैसे, धरणग्रस्तांच्या मोबदल्याचे पैसे केवळ विश्वासावर पडून आहेत.

म्हणून मागणी एकच. कामकाजाच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, ओतूर, आळेफाटा, मंचर आणि घोडेगाव या शाखा चालू असताना पुरवठादाराने पुण्याची लाइन स्वतःच्या हाताने बंद करावी. घड्याळ समोर ठेवावे. पहिला क्लार्क पुन्हा व्यवहार करू लागेपर्यंत किती मिनिटे गेली, किती नोंदी हरवल्या, पासबुक नीट छापले गेले का, हे सभासदांसमोर लिहून घ्यावे. नागपूर एकट्याने सगळ्या शाखांचा भार पेलते का तेही तेव्हाच कळेल. दोन्ही केंद्रे साठ टक्के भरलेली असतील तर पेलणार नाही, हे गणित चौथीतल्या मुलालाही येते. संध्याकाळी पुणे पुन्हा चालू करून दोन्हीकडचा ताळा जुळवून दाखवावा. परत येणे हे जाण्यापेक्षा अवघड असते, आणि डेमोत ते कधीच दाखवत नाहीत. निकाल लेखी द्या, करारात ती मिनिटे दंडासह घाला, मग खुशाल सही करा. पहिल्या टाळ्या आम्ही वाजवू.

चाचणी नाकारली किंवा 31 ऑगस्टपूर्वी गुपचूप ऑर्डर दिली, तर 1 सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 76 खालची मागणी अध्यक्षांच्या हातात दिली जाईल. एक-पंचमांश सभासदांच्या सह्यांवर एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सह्या गोळा करण्याचे काम शाखानिहाय सुरू झाले आहे. कलम 32 प्रमाणे संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते पाहण्याचा अर्जही त्याच दिवशी पडेल, म्हणजे या ठरावाला कोणी सूचना दिली, कोणी अनुमोदन दिले आणि कोण गप्प बसले हे नावानिशी समजेल. निबंधकांकडे कलम 83 खाली चौकशी मागितली जाईल. आणि उद्या पैसे वाया गेलेच, तर कलम 88 खाली ते संचालकांच्या खिशातून वसूल करण्याची मागणी करताना हा छापील इशारा अर्जाला पहिले परिशिष्ट म्हणून जोडला जाईल. आम्हाला कोणी सांगितले नव्हते, असे म्हणायची सोय आजपासून बंद झाली आहे.