दोन बोटांची पकड

बालदोस्तांनो, पुढचं वाचण्याआधी एक गंमत करा. डाव्या हाताची मधली तीन बोटं तळव्याशी मिटून घ्या. उरली करंगळी आणि अंगठा. तेवढ्यानंच शेजारच्या भावाची किंवा ताईची कॉलर घट्ट धरा आणि त्यांना हिसका मारायला सांगा. सुटली ना?

आमच्या चौथीच्या वर्गानं परवा हे करून पाहिलं. (खरं तर तास भागाकाराचा होता!) एकाचीही पकड टिकली नाही. मग मी मुलांना जाँ जाक माशादोची गोष्ट सांगितली.

जाँ जाकचा जन्म 1968 सालचा, ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरातला. आईच्या पोटात असतानाच गर्भाभोवतीच्या आवरणाचे बारीक धागे कधीकधी बाळाच्या बोटांना गुंडाळले जातात आणि बोटं वाढतच नाहीत. त्याचं तसंच झालं. डाव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी!

आणि या मुलाच्या घरात खेळ कुठला? जिउ-जित्सू! 1914 साली मित्सुयो माएदा नावाचा एक जपानी ज्युदोपटू ब्राझीलला गेला. कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा त्याच्याकडे शिकला आणि ग्रेसी घराण्यानं या विद्येला स्वतःचं वळण दिलं. हे कार्लोस म्हणजे जाँ जाकच्या मावशीचे यजमान. त्यामुळे माशादोंचे पाचही भाऊ लहानपणापासून याच खेळात.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. इथे तसं नाही बरं का! पाठीवर पडलेला खेळाडूही खालून डाव टाकतो, हाताचा सांधा अडकवतो, मानेला विळखा घालतो. समोरच्यानं हातानं थोपटलं की त्यानं हार मानली असं समजायचं आणि लगेच सोडायचं. (मानेचे डाव घरी अजिबात करायचे नाहीत, हं!) अंगात जाड कापडाचा अंगरखा असतो आणि पट्ट्याचा रंग पायरी सांगतो: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा.

खरी अडचण त्या अंगरख्यानंच केली. या खेळातली निम्मी कला म्हणजे समोरच्याची कॉलर, नाहीतर बाही पकडून ठेवणं. जाँ जाकचा डावा हात तिथेच कमी पडायचा. मग त्यानं बोटांचा नाद सोडला. मनगट आकड्यासारखं वाकवून मानेमागे अडकवायचं, हात समोरच्याच्या काखेतून घालून खांद्याला विळखा घालायचा, पायांनी मांड्या अडवायच्या आणि छाती अशी चिकटवायची की मधून वारासुद्धा जाऊ नये! कापड धरायचंच नाही, माणूस धरायचा. अशी शिकत शिकत त्यानं एकेक पायरी चढली. काळा पट्टा त्याला कार्लोस ग्रेसी यांचे चिरंजीव, धाकटे कार्लोस, यांनी बांधला. ब्राझीलमधल्या स्पर्धा त्यानं गाजवल्या आणि 1990 नंतरच्या काही वर्षांत भावांबरोबर तो अमेरिकेला गेला.

1999 साली अबू धाबीला मोठी स्पर्धा होती. जगभरचे मल्ल आले होते. या स्पर्धेत अंगरख्याची सक्ती नाही, बहुतेक जण त्याशिवायच उतरतात. आता बघा गंमत! धरायला कॉलर नाही, बाही नाही, वर घामानं अंग निसरडं. दहा बोटं असलेल्यांचीसुद्धा पकड सुटायला लागली. जाँ जाकला मात्र कापडाची सवय कधी लागलीच नव्हती. त्यानं एकामागून एक सगळ्यांना थोपटायला लावलं. अंतिम फेरीत जपानचा हायातो साकुराई होता. त्यालाही! सुवर्णपदक तर मिळालंच, शिवाय सर्वांत तंत्रशुद्ध खेळाडूचं बक्षीसही त्यालाच मिळालं.

गोष्ट संपली तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. पण वर्गातलं कुणी हललं नाही. सगळे आपापलं मनगट वाकवून शेजाऱ्याच्या मानेमागे अडकवून बघत होते.