दुखणं लपवू नका, समुद्रावर तर नाहीच

दिवाळीच्या सुट्टीचे बेत आता घरोघरी सुरू झालेत. यंदा आपल्या मंडळातल्या दोन-तीन तरुण जोडप्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "काकू, आईबाबांना क्रूझवर न्यायचंय. झेपेल ना त्यांना?"

झेपेल, जरूर न्या. सामान एकदाच उघडायचं, जेवण तयार, दमलं की केबिन जवळ. पण बोटीवर कुणी आजारी पडलं तर काय करायचं, हे निघण्याआधी घरातल्या तरुणांनी ठरवून ठेवायला हवं. कारण आपली वडीलधारी माणसं दुखणं सांगत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही बडोद्याहून सिंगापूरला गेलो आणि तिथून पेनांग-फुकेतची क्रूझ घेतली. बरोबर सासूबाई होत्या. वय 72, मधुमेह. दुसऱ्या रात्री त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. "पोरांच्या सुट्टीचा विचका नको" म्हणून त्या पहाटेपर्यंत गप्प! त्यांच्या केबिनमध्ये झोपलेल्या माझ्या लेकीला जाग आली म्हणून कळलं. तिने ग्लुकोमीटर लावला, तर साखर 62. तिने लगेच आजीला घोट घोट साखरपाणी पाजलं आणि बोटीच्या दवाखान्यात फोन केला. सलाईन लागलं, सकाळपर्यंत तरतरी आली. पण पुढचे दोन दिवस केबिनमध्येच राहायची सूचना मिळाली. फुकेत त्यांनी खिडकीतूनच पाहिलं.

ही सूचना जाचक वाटते, पण तिला कारण आहे. बोटीवर हजारो माणसं तेच जिने, तेच कठडे, तेच बुफेचे चमचे हाताळतात. नोरोव्हायरससारखा पोटाचा आजार अशा ठिकाणी झपाट्याने पसरतो. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. म्हणून उलट्या-जुलाब झाले तर लगेच सांगायचं. आपल्या माणसासाठीही आणि शेजारच्या केबिनमधल्या कुणाच्या तरी आजीसाठीही.

दुसरा मुद्दा पैशांचा. बोटीवर डॉक्टर-नर्स असतात, पण तो दवाखाना तिकिटात धरलेला नसतो. बिल थेट केबिनच्या खात्यावर चढतं. आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा भारताबाहेर चालत नाही. त्यामुळे प्रवासविमा वेगळा काढा, त्यात क्रूझ धरली आहे का ते पाहा आणि मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा नामंजूर होऊ शकतो. बिलं आणि डॉक्टरांचे कागद जपून आणा.

बोटीवरचा दवाखाना म्हणजे मोठं हॉस्पिटल नव्हे. दुखणं गंभीर असेल तर रुग्णाला पुढच्या बंदरावर उतरवून तिथल्या हॉस्पिटलात पाठवतात आणि बोट पुढे निघून जाते. तेव्हा सोबत कोण उतरणार आणि मुलांजवळ कोण राहणार, हे घरीच बोलून ठेवा. पासपोर्ट, विमा आणि औषधांच्या चिठ्ठीचे फोटो दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असू द्या.

आता बारीकसारीक गोष्टी. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला काही तास लागतात. दोन-चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, ओआरएसची पाकिटं आणि ग्लुकोमीटर घ्या. "उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तर त्या दिवशी मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन कसं घ्यायचं?" हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घेतली तर उपयोगी पडते, पण तिने गुंगी येते, म्हणून वयस्करांना विचारल्याशिवाय देऊ नका. केबिन शक्यतो खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावर घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. बाथरूमला बऱ्याचदा उंच उंबरठा असतो. रात्री तिथला दिवा चालू ठेवा.

आणि घड्याळ! फुकेतची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर मोबाईल आपोआप तिथली वेळ दाखवतो, पण बोट स्वतःच्या वेळेनेच सुटते. मनगटावरचं घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा.

या सगळ्याआधी एक काम मात्र घरीच करायचं. आईबाबांना, आजीआजोबांना समोर बसवून सांगा, "जरा जरी बरं वाटेनासं झालं तरी आम्हाला उठवायचं, अगदी मध्यरात्रीसुद्धा. त्याने आमची सुट्टी बिघडत नाही." हे तुम्ही तोंडाने सांगितल्याशिवाय त्यांना पटणार नाही.