फॉरमॅट मारण्याआधी मुलाला विचारा



शाळेतल्या किंवा घरातल्या संगणकावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. टर्मिनलमध्ये 'आरएम' ही आज्ञा दिली की फाईल कचरापेटीत जात नाही, थेट पुसली जाते. आज्ञेच्या आधी 'सुडो' लावून पासवर्ड दिला, तर प्रणालीचं अख्खं फोल्डरही उडू शकतं.

समजा, एखाद्या मुलाकडून 'ईटीसी' फोल्डर गेलं. त्यात संगणकाच्या सेटिंग्ज आणि वापरकर्त्यांची यादी असते. चालू संगणक थोडा वेळ चालतोही, पण बंद करून लावला की लॉगिन होत नाही. मग दुरुस्तीवाला येतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल." आपण लगेच हो म्हणतो. माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं.

कारण मुलांची चित्रं, गुणांच्या याद्या, आपले फोटो 'होम' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ते तसेच शाबूत असतात! दुसऱ्या संगणकावर उबंटूचा पेनड्राईव्ह तयार करा, त्यावरून बिघडलेला संगणक सुरू करा, 'होम' उघडा आणि सगळं कॉपी करून घ्या. त्यानंतर प्रणाली खुशाल नव्याने टाका.

पण नेमकं कोणतं फोल्डर गेलं, हे कोण सांगणार? ज्याच्या हातून झालं तोच. आपण ओरडलो तर तो म्हणणार, "सर, आपोआप झालं." म्हणजे दुरुस्तीची पहिली किल्लीच हरवली.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं. नेहमीचे बॅकअप ऐनवेळी कामी आले नाहीत. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीने वाचवलं. कंपनीने काहीही न लपवता काय चुकलं ते जाहीर लिहिलं, दुरुस्तीही यूट्यूबवर थेट दाखवली.

मोठी माणसं मोकळेपणाने सांगू शकतात, मग पाचवीतल्या मुलाला आपण का घाबरवायचं?

एवढं कराच: मुलांना सुडोचा अधिकार नसलेलं वेगळं खातं द्या. दर शनिवारी 'होम'ची प्रत पेनड्राईव्हवर घ्या, आणि ती उघडते का तेही बघा. आणि चूक सांगायला आलेल्या मुलाला आधी शाबासकी द्या. फोल्डर परत आणता येतं, पण मुलाचा विश्वास गेला तर त्याचा बॅकअप नसतो.