लग्नापर्यंत थांबू नका

मैत्रिणींनो, आज जरा माझीच चूक सांगते. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत यंदा पहिलीच्या वर्गात एक मुलगी आली. डाव्या डोळ्याची वरची पापणी जन्मापासून अर्ध्याहून खाली आलेली. लिहिताना, बोलताना सारखी हनुवटी वर. जून-जुलैभर मी तिला बजावत होते, “मान खाली घालून लिही गं!” ती क्षणभर घाली, की पुन्हा वर. स्टाफरूममध्ये तर कुणी म्हणालंसुद्धा, “चांगलीच शिष्ट दिसतेय!”

ऑगस्टमध्ये तिची आई भेटायला आली तेव्हा उलगडा झाला. पापणीखालच्या फटीतून दिसावं म्हणून मूल हनुवटी वर करतं, भुवई ताणतं. तो डोळा अजून वापरात आहे, याची ती खूण. ज्या दिवशी असं मूल मान सरळ ठेवून निवांत बसायला लागतं, त्या दिवशी खरी काळजी करायची, कारण त्याने बहुधा तो डोळा सोडून दिलेला असतो. आणि मी नेमकं तेच तिला शिकवत होते!

आईचं दुःख निराळंच. गरोदरपणी ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, हे सहा वर्षं ऐकत होती बिचारी. तिला आधी तेवढं सांगितलं, की पापणी उचलणारा जो स्नायू असतो तो अशा मुलांत गर्भातच नीट घडत नाही. त्यात मांसाऐवजी चरबी आणि ताठर तंतू येतात. ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही. डॉक्टरी भाषेत याला ‘टोसिस’ म्हणतात. काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या असतं, पुष्कळदा एकट्याच मुलाला होतं.

घरच्यांचा बेत होता, “लग्नाच्या आधी करून घेऊ ऑपरेशन.” इथेच फसगत होते. पापणीने बाहुली झाकली, की त्या डोळ्यामागचा मेंदूचा भाग पाहायला शिकतच नाही. शिवाय पापणीच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलून तिरपा नंबर येतो. डोळा आळशी होतो, आणि हा आळस साधारण सात-आठ वर्षांच्या आत घालवणं सोपं, पुढे फार कठीण. विसाव्या वर्षी पापणी वर येईल हो, पण गेलेली नजर येईलच असं नाही. तान्ह्या बाळाची बाहुली झाकली असेल तर डॉक्टर काही महिन्यांतही ऑपरेशन करतात. बाहुली उघडी असेल तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येतं, मात्र तपासण्या चुकवायच्या नाहीत.

आता ऑपरेशन कोणतं? डॉक्टर अंगठ्याने भुवई दाबून धरतात, मुलाला खाली आणि मग वर बघायला लावतात, आणि पापणी किती सरकली ते पट्टीने मोजतात. निरोगी पापणी पंधराएक मिलिमीटर सरकते. जुन्या परकराची विटलेली इलॅस्टिक आठवा, धड ताणत नाही आणि धड आखडत नाही. तसा हा स्नायू. त्यात थोडा जीव असेल, म्हणजे पाच मिलिमीटर किंवा जास्त सरकत असेल, तर तोच कापून आखूड करून शिवतात. चारच्या खाली असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. मग पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात, पडद्याला दोरी बांधावी तशी. भुवई उचलली की पापणी उचलते.

दोरी कशाची, हा पुढचा प्रश्न. मूल तीन-चार वर्षांचं झालं असेल तर त्याच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूचा चिवट पडदा काढून त्याच्या पट्ट्या वापरतात. ती चांगली टिकते. पायावर एक वण राहतो आणि काही दिवस चालताना दुखतं. अगदी लहान बाळाला सिलिकॉनची बारीक दोरी घालतात. ती पुढे घट्ट-सैल करता येते, पण सैल पडून पुन्हा ऑपरेशनची वेळही येऊ शकते.

एकाच डोळ्याला दोष असेल तर काही डॉक्टर दोन्ही पापण्या टांगायचं सुचवतात. आई दचकतेच. चांगल्या डोळ्याला हात कशाला? त्यांचं म्हणणं असं, की एका डोळ्याने छान दिसत असेल तर मूल भुवई उचलायचे कष्ट का घेईल? शिवाय दोन्ही बाजू सारख्या दिसतात. सगळ्या डॉक्टरांना हे पटत नाही. आमच्या मुलीच्या आईवडिलांनी एकच बाजू करून घेतली आणि आईने तिला रोज आरशासमोर भुवई उचलायला शिकवली. मला विचाराल तर मीही तेच केलं असतं, पण हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणी विचारा, मनात ठेवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत मांडीच्या पट्टीने ऑपरेशन झालं. चौथ्या रात्री आईचा घाबरून फोन, “बाई, ही डोळा उघडा ठेवून झोपते!” हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं. पापणी वर टांगली की झोपेत ती पूर्ण मिटत नाही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून दिवसा थेंब आणि रात्री मलम, डॉक्टर थांबवेपर्यंत. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी दाखवायचं. खाली बघताना ती पापणी वरच राहते, हेही कायमचं. पुस्तक थोडं उचलून धरायचं.

आणि ऑपरेशनने खिडकी उघडते, नजर शिकवावी लागते. चष्मा लागतो, चांगल्या डोळ्यावर सांगितलेले तास पट्टी बांधावी लागते. ती ओढून काढणाऱ्या मुलाशी रोज झगडणं, हे खरं काम आईचं.

दूध पिताना किंवा चावताना बाळाची पडलेली पापणी उडत असेल, तर घरात हसतात सगळे, पण डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्यावरून ऑपरेशन बदलतं. पापणी पूर्वी ठीक होती आणि आता पडली, किंवा संध्याकाळी जास्त पडते, तर तो आजारच वेगळा. तिथे उशीर नको.

तपासणीला जाताना बाळाचे तान्हेपणापासूनचे समोरून काढलेले फोटो न्या, पापणी किती आणि कधीपासून पडली आहे ते त्यांवरून कळतं. आमच्या मुलीच्या आईकडे तसा एकच निघाला, बारशाचा. पुढच्या सगळ्या फोटोंत कुणीतरी तिला उजवी बाजू पुढे करून उभं केलेलं होतं.