पॉसिबल, प्रॉबेबल आणि लाइकली

इंग्रजी भाषा आपल्या घरांत इतकी रुळली आहे कीं, तिच्या शब्दांचे नेमके अर्थ पाहण्याची आपणांस गरजच वाटेनाशी झाली आहे. ‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’, ‘लाइकली’ आणि ‘प्लॉजिबल’ हे चार शब्द घ्या. वैद्यकीय अहवालांत, वृत्तपत्रांत, औषधाच्या पत्रकांत ते पदोपदीं भेटतात. आणि चारांचेंही मराठी ‘शक्यता आहे’ असें एकाच शब्दप्रयोगानें करून आपण मोकळे होतों. ही काटकसर आमच्या मतें महागांत पडणारी आहे.

प्रथम या शब्दांचीं कुळें पाहूं. ‘पॉसिबल’ हा ‘समर्थ असणें’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला. आपल्या ‘शक्’ धातूपासून जसा ‘शक्य’, तसाच हा. एखादी गोष्ट घडण्यास निसर्गाची अगर तर्काची आडकाठी नाहीं, एवढेंच तो सांगतो. ‘प्रॉबेबल’च्या मुळाशीं ‘कसास लावून पाहणें’ या अर्थाचें लॅटिन क्रियापद आहे. ‘प्रूफ’ हा त्याच कुळांतला. तेव्हां पुरावा तोलला असतां पारडें ज्या बाजूस झुकतें, तें प्रॉबेबल. ‘लाइकली’ हा मात्र लॅटिन नव्हे. ‘लाइक’ म्हणजे सारखें. त्यापासून तो आला. चिन्हें होऊं घातलेल्या गोष्टीसारखीं दिसतात, असा त्यांतील भाव. आणि ‘प्लॉजिबल’च्या मुळाशीं टाळ्या वाजविणें आहे! ऐकतांच मान डोलवावी असें बोलणें तें प्लॉजिबल. पण तें खरें असेलच याची हमी त्यांत नाहीं. लबाडाच्या सफाईदार सबबीसही इंग्रज हेंच विशेषण लावतो.

आतां यांचा परस्परसंबंध. जें जें प्रॉबेबल तें तें पॉसिबल. परंतु जें जें पॉसिबल तें तें प्रॉबेबल नव्हे. धूर असेल तेथें अग्नि असतोच. पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असूनही धूर नसतो, हा आपल्या नैयायिकांचा दृष्टान्त येथें चपखल बसतो. सोडतीचें एक तिकीट घेणाऱ्यास पहिलें बक्षीस मिळणें पॉसिबल आहे. प्रॉबेबल मुळींच नाहीं. ‘प्रॉबेबल’ आणि ‘लाइकली’ यांच्या अर्थांत अंतर थोडें, पण वाक्यरचनेंत बरेंच. ‘ही इज लाइकली टु कम’ हें शुद्ध. ‘ही इज प्रॉबेबल टु कम’ हें अशुद्ध. तेथें ‘इट इज प्रॉबेबल दॅट ही विल कम’ असेंच म्हटलें पाहिजे.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट आहे असें कोणास वाटेल, तर अमेरिकेंतील दोन गोष्टी ऐकाव्या. १९५१ सालीं तेथील गुप्तवार्ता खात्याच्या एका अहवालांत, युगोस्लाव्हियावर त्या वर्षीं हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असें लिहिलें गेलें. तो तयार करणाऱ्या मंडळांतील शर्मन केंट यांच्या मनांत संभव शंभरांत ६५ असा होता. सहकाऱ्यांस विचारतां असें आढळलें कीं, कोणाच्या मनांत २० आहेत तर कोणाच्या ८०. आणि त्याच वाक्यास सर्वांची संमति! हल्ला झाला नाहीं. पण केंट यांनीं धडा घेतला, आणि १९६४ सालच्या निबंधांत ‘प्रॉबेबल’ म्हणजे शंभरांत सुमारें ७५, ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारें ९३, असे आंकडे शब्दांस जोडून दाखविले.

दुसरी गोष्ट १९६१ सालच्या क्यूबावरील स्वारीची. सेनाधिकाऱ्यांनीं त्या योजनेस यशाचा ‘फेअर चान्स’ आहे, असा अभिप्राय दिला. लिहिणाऱ्याच्या मनांत शंभरांत सुमारें ३० होते. वाचणाऱ्यांनीं तो अनुकूल कौल समजला. सुमारें १,४०० लोकांची ती तुकडी तीन दिवसांत मोडली; शंभरावर मेले, अकराशेंहून अधिक कैद झाले. पराभवाचीं कारणें अनेक असतील; पण त्या दोन शब्दांनीं कोणाचेंही पाऊल मागें खेचलें नाहीं, हें खरें.

म्हणूनच आज हवामानबदलाचा अभ्यास करणारें आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळ ‘लाइकली’ म्हणजे शंभरांत ६६ वा अधिक, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० वा अधिक, असें ठरवूनच लिहितें. युरोपांत औषधांच्या पत्रकांसही असाच नियम आहे. तेथें ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे शंभरांत १ ते १० जणांस होणारा. म्हणजे निदान नव्वदांस तो होत नाहीं!

आपली भाषा या बाबतींत दरिद्री नाहीं. पाणिनीनें लिङ् लकाराच्या अर्थांत संभावनेसही जागा दिली आहे. मराठींत तर ‘तो येऊं शकेल’, ‘तो येईलसें दिसतें’, ‘तो बहुधा येईल’, ‘तो येईलच’ अशा चढत्या पायऱ्या तयारच आहेत. पॉसिबलला ‘शक्य’, लाइकलीला ‘चिन्हें दिसतात’, प्रॉबेबलला ‘बहुधा’ आणि प्लॉजिबलला ‘सकृद्दर्शनीं पटण्याजोगें’ असें म्हटल्यास काम भागतें.

पण पायरी चुकली तर काय होतें? अहवालांत एखाद्या भयंकर रोगाच्या नांवामागें ‘पॉसिबल’ असतें. घरांतील शिकलेला मुलगा ‘शक्यता आहे’ म्हणून वाचून दाखवितो, आणि वडील मंडळींच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. वस्तुतः तो रोग अद्याप वगळतां येत नाहीं, एवढेंच लिहिणाऱ्यानें म्हटलेलें असतें. उलट दुसऱ्या घरीं ‘प्रॉबेबल’चें तेंच ‘शक्यता आहे’ होतें, आणि ‘पाहूं पुढें’ म्हणतां म्हणतां उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. पहिल्या घरीं नाहक भीति, दुसऱ्या घरीं नाहक धीर.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति इतकीच कीं, घरांत इंग्रजी कागद वाचून दाखविण्याचें काम ज्याच्याकडे असेल, त्यानें या शब्दांशीं क्षणभर थांबावें. आणि शब्दानें समाधान न झाल्यास डॉक्टरांस निःसंकोच विचारावें, “शंभरांत किती?” असा प्रश्न विचारण्यांत अनादर नाहीं, आणि नेमका आंकडा नसेल, तर तेंही ते सांगतीलच.