नाव लावण्याआधी पान पाहा

पाऊस सुरू झाला की अंजनेरी, त्र्यंबक, इगतपुरीचे कातळ मॉसने हिरवे होतात आणि काहींच्या मत्स्यालयाच्या टाक्यांत ते मॉस येऊन पडतं. कातळावरून ते काढू नका. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, हे एक कारण. शिवाय कातळावरची बहुतेक मॉस कायम पाण्याखाली टिकत नाहीत. ती कुजतात आणि टाकीचं पाणी बिघडवतात.

विकत घेतलेल्या मॉसचंही नाव तपासल्याशिवाय पुढे देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. जावा मॉस म्हणून जे मिळतं ते बहुधा टॅक्सिफायलम बार्बिएरी. पुस्तकं मात्र वर्षानुवर्षं त्याला व्हेसिक्युलारिया डुबियाना म्हणत आली. ते नाव खरं सिंगापूर मॉसचं. हा गुंता सुटण्यात सिंगापूरमध्ये काम केलेले मॉस-अभ्यासक बेनिटो टॅन यांचा मोठा वाटा आहे.

ख्रिसमस मॉसच्या फांद्या त्रिकोणी फुटतात, वीपिंग मॉस खाली झुकतं, फ्लेम मॉस पीळ घेत वर चढतं. पण कमी उजेडात ही सगळी सारखीच विरळ, लांबुडकी दिसतात. म्हणून नवं मॉस चांगल्या उजेडात दोन-तीन महिने वाढू द्या आणि मग नव्या शेंड्याकडे पाहा. फिसिडेन्स भिंगानेही ओळखू येतं: पानं दोन ओळींत, पिसासारखी सपाट. बाकीच्यांसाठी सूक्ष्मदर्शक हवा. टॅक्सिफायलमच्या पानातल्या पेशी लांब आणि अरुंद, व्हेसिक्युलारियाच्या त्या मानाने आखूड आणि रुंद असतात. पूर्ण खात्रीला बीजाणुकोश लागतो आणि पाण्याखाली तो क्वचितच येतो.

टाकीतल्या मॉसची छाटणी उन्हाळ्याआधी, होळीच्या सुमारास उरकावी. थर दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेला की तळाशी उजेड पोहोचत नाही. आतलं मॉस तपकिरी होऊन, ज्या लाकडावर बसवलं त्यावरून सुटतं. नाशिकचा पारा चाळिशीकडे गेल्यावर कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी, त्यात ही कूज. लाकूड बाहेर काढता येत असेल तर टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरून सुमारे एक सेंटिमीटर थर राखून कापा. येत नसेल तर फिल्टर बंद ठेवा आणि कात्रीशेजारी सायफनची नळी धरा. मॉसला खरी मुळं नसतात, तुटलेला बारीक तुकडाही नवं झाड होतो; राहिलेले तुकडे फिल्टरमध्ये आणि तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पतींत रुजतात, मग महिनोन्‌महिने निघत नाहीत.

कापलेलं मॉस नाल्यात किंवा गोदावरीत टाकू नये. आज नद्या व्यापणारी पाणवेलीही शोभेची म्हणूनच देशात आली होती. जास्तीचं मॉस वाळवून कचऱ्यात द्या, किंवा मित्राला द्या.

मॉस दुसऱ्याला देताना त्याची एक चिमूट वाळवून कागदी पाकिटात ठेवा. वर कुणाकडून आलं, कधी आलं, कोणत्या नावाने आलं ते लिहा. वाळलेलं मॉस कित्येक वर्षांनी भिजवलं तरी पानं उलगडतात आणि पेशी पाहता येतात. नावावरून वाद झाला तर ते पाकीट उघडता येईल.